लोखंड न लावता

उंब्रजच्या सर्व्हिस रोडला सयाजीचं टायरचं दुकान आहे आणि त्याच्या माथ्यावर त्याच्या बायकोचं, विनोदिनीचं, पार्लर आहे. खाली पाटी आहे, पण ती वाचायची कुणाला गरज पडत नाही. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच आवाज कानावर येतो. "कोरड्या केसात कंगवा घातलास ना? घाल की. आन् गुंता झाला की माझ्या नावानं रडत ये." जिला उद्देशून हे चाललेलं असतं ती बहुतेक खुर्चीत बसून आरशात हसत असते, कारण विनोदिनीची बोलणी खाल्ल्याशिवाय तिचा हात डोक्याला लागत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. ज्यांना बोलणी सोसत नाहीत त्यांच्यासाठी कराडला चांगली गोड बोलणारी पार्लरं आहेत. तिकडं जावं.

वर गेलं की आधी तिचे केस दिसतात, मग ती. कुरळे, दाट, खांद्याच्या खाली मोकळे सोडलेले. पंचेचाळिशीच्या बाईनं असे केस सोडून उंब्रजच्या बाजारातून चालावं, हे काही लोकांच्या डोळ्यांत सलतं. सयाजीचे चुलते एकदा दुकानापुढं चारचौघांत म्हणाले, "सूनबाई, अंगात आल्यागत काय केस सोडून हिंडताय?" विनोदिनी म्हणाली, "येतंयच माझ्या अंगात, मामंजी. जरा लांबच बसा." तेव्हापासून चुलते तिच्या वाटेला गेले नाहीत. सयाजी खाली बसून ते ऐकत होता. त्यानं हातातलं चाक सोडून वर बघितलंसुद्धा नाही. ह्या बाबतीत तो शहाणा माणूस आहे.

ही आली कुठून म्हणाल, तर कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका वाडीतून. तिथं पाणी टँकरनं यायचं. प्यायला पुरलं तर पुरलं, डोकं धुवायला कुठलं. आई कोरड्या केसांतच फणी घालायची, फणीचे दात मोडायचे, आणि शाळेत पोरं 'झिपरी' म्हणून मागं लागायची. दहाएक वर्षांची असताना तिच्या कानामागं केसांची एक गाठ झाली. शेजारच्या बायकांनी ती चाचपली आणि एकमेकींकडं बघितलं. "जट हाय," त्या म्हणाल्या. "देवीनं पोरगी मागितली."

ह्या भागात जट म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला कळायचं नाही. केसांचा गुंता धुतला नाही, विंचरला नाही, की तो दोरखंडासारखा घट्ट होत जातो. लोक म्हणतात, ही यल्लम्माची खूण. मग त्याला हळदकुंकू लावायचं, पाणी बंद, फणी बंद, आणि सगळ्यांत मोठी अट म्हणजे लोखंड लावायचं नाही. कातर लागली तर रक्त येतं, घरातलं माणूस जातं, असं सांगतात. मग ती पोरगी ती गाठ डोक्यावर घेऊन जन्म काढते.

विनोदिनीच्या आईनं त्या बायकांना चहा पाजला, हो हो करून वाटेला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला नेऊन मेंढरं कातरणाऱ्या चुलत्यापुढं बसवलं. "देवीचं काय म्हणणं आसंल ते मी तिच्यासंगं बोलीन," ती म्हणाली. "तू चालीव कातर." कातर चालली. रक्त आलं नाही, घरातलं कुणी गेलं नाही, दावणीची शेळीसुद्धा शिंकली नाही. पण ते सगळं वर्ष विनोदिनी डोक्याला फडकं बांधून शाळेत गेली. आईनं आपल्याला वाचवलं हे तिला तेव्हाही कळत होतं. तरी गाठ काढायची तर गाठ काढावी, सगळं डोकं कशाला भादरायचं, केसांचा काय गुन्हा होता, असं ती आजही आईच्या फोटोशी भांडते.

लग्नाआधी सांगलीला मावशीकडं राहून ती पार्लरचं काम शिकली. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला आरशापुढं उभं केलं. "हे असलं डोकं घेऊन तू दुसऱ्यांना काय सुंदर करणार? बस, सरळ करून देते." हातात केस सरळ करायचं तापलेलं यंत्र होतं. विनोदिनी म्हणाली, "बाई, इस्त्री कापडाला करतात." पोरींत हशा पिकला, बाईंनी तिच्या हातात झाडू दिला, आणि ती कितीतरी दिवस झाडत राहिली पण डोकं काही दिलं नाही. बाकी सगळं काम त्याच बाईंकडून शिकले, हेही ती कबूल करते. कुरळ्या केसांचं तेवढं कुणी शिकवलं नाही, ते तिनं स्वतःच्याच डोक्यावर करून बघितलं.

तिचं ते शास्त्र ऐकायचं असेल तर दुपारच्याला यावं. "कुरळ्या केसाला कंगवा ओल्यातच घालायचा. आधी तेलाचा हात, मग बोटं, मग रुंद दाताचा कंगवा, आन् त्यो बी टोकाकडनं वर. मुळापासनं खाली वढलास तर गुंता आवळतो, सुटत न्हाई. टॉवेलानं खसाखसा पुसू नगंस. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घे आन् दाबून पाणी काढ." आणि मग जवस. जवसाची चटणी घरोघर खातात, पण तेच जवस पाण्यात उकळून फडक्यातून गाळले की जो बुळबुळीत रस निघतो, तो ओल्या केसांना लावून बोटांनी वळवलं तर कुरळे केस दिवसभर जागच्या जागी राहतात, हे उंब्रजला विनोदिनीनं शिकवलं. आधी बायका नाकं मुरडायच्या, भाकरीसंगं खायचं ते डोक्याला कसं लावायचं म्हणून. आता जवस मागितले की वाणीच विचारतो, चटणीला की डोक्याला.

ओठांच्या बाबतीत ती आणखी कडक. थंडी पडली, हायवेचा वारा लागला की बायका भेगाळलेले ओठ घेऊन येतात आणि बोलता बोलता चाटत राहतात. "जीभ आत," विनोदिनी म्हणते. "चाटून मऊ हुत न्हाईत. थुंकी वाळताना हाय तेवढा वलावा घेऊन जाती." सालपटं ओढणारीच्या हातावर ती चापट मारते. ओठांवर साखर चोळायला सांगणाऱ्या मोबाइलमधल्या बायांवर तर तिचा विशेष राग आहे. साखर चहात घाला म्हणते. मधाच्या पोळ्याचं मेण आणि घरचं तूप मंद आचेवर एकत्र करून ती कुंकवाच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवते आणि झोपताना लावायला देते. मिश्री लावणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र डबी देताना बजावते, "मिश्री सोडलीसा तर गुण येईल. न्हाईतर भाकरीला लावून खावा."

तिच्या ह्या सगळ्या मास्तरकीचं ज्या एका डोक्यावर सोनं झालं ते मयूरीचं. गावातल्या रंगुबाईची नात. शाळेत असताना ही पोर तेलानं चोपलेल्या दोन घट्ट वेण्या घालून मान खाली घालून जायची. विनोदिनीनं तिला रस्त्यात अडवून वर आणलं, वेण्या सोडल्या, आणि आरसा दाखवला. त्यानंतर मयूरी मान वर करून चालायला लागली. नर्सिंग शिकायला ती साताऱ्याला गेली तेव्हा गावच्या पोरी मोबाइलमधला तिचा फोटो दाखवून म्हणायच्या, "काकी, असं करा." विनोदिनी तोंडानं म्हणायची, "असं करता येत न्हाई, त्याला तसं जन्माला यावं लागतं," आणि आतून सुखावायची.

पावसाळा सरता सरता मयूरीला टायफॉइड झाला. ती घरी आली आणि अंथरुणाला खिळली. केस कसेतरी वर बांधून ठेवलेले. तापात डोकं धुवायचं नाही, ताप उतरल्यावरही धुवायचं नाही, थंडी बसेल, असं आजीचं म्हणणं. मानेच्या वर केसांचा गोळा होत गेला. एका सकाळी रंगुबाईनं तो चाचपला आणि देवघरातली हळद आणली.

रंगुबाईबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रंगुबाईच्या स्वतःच्या डोक्यावर जट आहे. पहिल्या बाळंतपणातल्या आजारात आली म्हणतात. पदराखाली चुंबळीसारखी गुंडाळलेली असते. तिच्या भारानं म्हातारीची मान एका अंगाला कललेली, झोपायचं ते एकाच कुशीवर. पण दर मंगळवारी आळीतल्या बायका तिच्या सोप्यात येऊन पाया पडतात, आजारी पोर तिच्या पायांवर घालतात, लग्नात पहिला मान तिला देतात. ज्या सुनेला त्या घरात एरवी कुणी काडीची किंमत दिली नसती, तिला जटेनं आळीची आई केलं होतं. आणि आता देवीनं नातीच्या डोक्यावर तोच हात ठेवला, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. येत्या पुनवेला मयूरीला यल्लम्माच्या डोंगरावर न्यायची, देवीपुढं उभी करायची, म्हणजे ती देवीची झाली. कॉलेज संपलं. कॉलेजातून फोन आला तर मयूरीच्या बापानं, आप्पासोनं, पोरगी आता येत नाही म्हणून सांगितलं. तिची आई सासूपुढं ब्र काढत नव्हती.

ही बातमी पार्लरात आणली सुरय्यानं. सुरय्या विनोदिनीच्या जोडीला काम करते, तिचं घर रंगुबाईच्या आळीत. विनोदिनी तेव्हा एका बाईच्या भुवया करत होती. तिनं दोरा सुरय्याच्या हातात दिला आणि अर्धी भुवई तशीच सोडून जिना उतरली.

रंगुबाई सोप्यात बसली होती. "डोक्याला हात लावाय आली आसशील तर उंबऱ्याच्या बाहीरच थांब," ती म्हणाली.

विनोदिनीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण तेवढ्यात तिला आतल्या खोलीतली मयूरी दिसली. डोक्याला फडकं, कपाळाला हळद, आणि ओठ. तापानं फुटलेले, चाटून चाटून कातडी गेलेले, कोपऱ्यांत रक्त वाळलेले. पोरीला तोंड उघडता येत नव्हतं, पाणीसुद्धा ती चमच्यानं घेत होती.

"डोकं ऱ्हाऊ द्या, आत्ती," विनोदिनी म्हणाली. "ओठ बघितलंसा का पोरीचं? देवीनं ओठ बी मागितल्यात व्हय?"

रंगुबाईनं वळून आत बघितलं. नातीवर जीव होता तिचा, खोटं कशाला बोला. चमच्यानं पाणी पाजत तीच उशाशी बसत होती. "ओठाचं कर," ती शेवटी म्हणाली. "ओठाच्या वर हात न्यायचा न्हाई."

मग विनोदिनी रोज दुपारी जायला लागली. मऊ फडकं कोमट पाण्यात भिजवून ती मयूरीच्या ओठांवर धरायची, सुटलेलं सालपट तेवढं अलगद निघू द्यायची, आणि वर मेण-तुपाचा थर द्यायची. "जीभ बाहेर आली तर चिमटा लावीन," म्हणून दम द्यायची. दिलेला शब्द तिनं पाळला, बोट कधी नाकाच्या वर गेलं नाही. पण नाकाला कोण अडवणार. डोक्याच्या फडक्याखालून कुबट वास येत होता, मानेवर पुरळ उठलं होतं, आणि पोर सारखी खाजवायला हात वर न्यायची आणि आजीकडं बघून खाली घ्यायची. विनोदिनी घरी येऊन भांडी आपटायची. सयाजी म्हणाला, "तुला कशाला पायजे दुसऱ्याच्या देवाचं?" त्यावर ती त्याला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ओठांच्या भेगा हळूहळू मिटत आल्या. आणि ओठ बरे झाल्यावर माणूस जे करतं तेच मयूरीनं केलं. मंगळवार होता, सोपा बायकांनी भरलेला होता, विनोदिनी कोपऱ्यात बसून तिच्या ओठांवर बोट फिरवत होती. मयूरीनं तो हात बाजूला केला.

"आज्जी, मला जट नको," ती म्हणाली. "मला साताऱ्याला जायचंय."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. पाया पडायला वाकलेली एक बाई तशीच वाकून राहिली.

"तुज्या-माज्या म्हणण्यावर हाय व्हय ते?" रंगुबाई म्हणाली. "आपल्या वंशातच हाय. मला आली, आता तुला आली."

इथं विनोदिनीचा संयम संपला. तसा तो फार नव्हताच. "वंशात जट न्हाई, आत्ती," ती उठून म्हणाली. "वंशात कुरळं केस हायत. तुमचं कुरळं, हिचं कुरळं. कुरळ्या डोक्याला इतकं दिवस पाणी दावलं न्हाई तर माझं बी ह्येच हुईल. तुमी तिला देवीची म्हणताय आन् मी म्हणती, पोरीचं डोकं धुतलं न्हाई."

"लोखंड लावशील तर माजं घर बुडंल."

"न्हाई लावत," विनोदिनी म्हणाली. "कातर न्हाई, पिन न्हाई, कंगवा बी न्हाई. तेल आन् ही माझी बोटं. देवीची आसंल तर माझ्या बोटानं सुटायची न्हाई. मग खुशाल डोंगरावर न्या, मी तुमच्या पाया पडून पार्लरला कुलूप लावती. आन् सुटली तर गुंता हुता, मग पोरगी साताऱ्याला जाईल."

बायकांत कुजबुज झाली. एक जण म्हणाली, "बोटानं देवीची जट सुटती व्हय? बघू द्या की तिला." दुसरीनं मान डोलावली. रंगुबाईला नाही म्हणायला जागाच उरली नाही. नाही म्हणावं, तर देवीवर आपलाच भरवसा नाही असं दिसणार. ती इतकंच म्हणाली, "माज्या म्होरं कर."

सुरय्या धावत जाऊन तेल आणि जवसाचा रस घेऊन आली. विनोदिनीनं एक ताट मागितलं आणि अंगावरचं लोखंड त्यात काढून ठेवायला लागली. केसांतल्या पिना, खांद्याची पिन, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन, कमरेची किल्ली. मग पदर खोचून बसली आणि मयूरीचं फडकं सोडलं.

हळदकुंकवाचा वाळून दगड झालेला गोळा निघाला. तिनं त्याच्यावर कोमट तेल ओतलं, मग जवसाचा रस, मग पुन्हा तेल. टोकाकडून सुरुवात केली. एक केस, दोन केस, चिमूटभर. उन्हं दारातून सोप्यात आली आणि सोप्यातून भिंतीवर गेली. बायका घरी जाऊन भाकरी टाकून परत आल्या. मयूरीनं डोळे गच्च मिटून घेतले होते, पण दुखतंय म्हणून एकदाही म्हणाली नाही. बाहेरचा भाग सुटला, आतली गाठ मात्र हटेना. विनोदिनीची बोटं बधिर झाली. एकदा तर तिला वाटलं की हरले, ह्या पोरीला मीच आपल्या तोंडानं घालवली, नुसती कातर लावून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. रंगुबाई समोर मांडी घालून बसली होती आणि डोळ्याचं पातं लवू देत नव्हती. विनोदिनीनं आणखी तेल मागितलं.

गाठीच्या पोटात बोट घातलं तेव्हा तिला काहीतरी टोचलं. ती चाचपत राहिली, केस बाजूला करत राहिली, आणि कुंकवाच्या लगद्यातून एक वस्तू बाहेर आली. टिकटॉक पिन. शाळेतल्या पोरी लावतात ती, दाबली की टक् वाजणारी, गंजलेली, भोवती तुटलेलं रबर गुंडाळलेलं.

"माझीच आहे," मयूरी म्हणाली. "ताप आला त्या दिवशी लावली होती."

कुणीतरी मागून म्हणालं, "पिन तर लोखंडाची की गं."

विनोदिनीनं ती रंगुबाईच्या तळहातावर ठेवली. "लोखंड मी न्हाई लावलं, आत्ती. ते आतच हुतं, पयल्या दिवसापासनं. कुणाचं काय वाकडं झालं सांगा."

पिन निघाल्यावर गाठीत काही राम उरला नाही. बरेच केस तुटून विनोदिनीच्या हातात आले, पण त्याच्या कितीतरी पट पोरीच्या पाठीवर उतरले, तेलानं निथळणारे, वळलेले. मयूरीनं हात मागं नेऊन मान चोळली, आणि मग ती रडली. तिची आई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली, सासूकडं न बघता लेकीजवळ बसली आणि म्हणाली, "उठ, डोकं धुवू या." त्या घरात तिचा आवाज बायकांनी पहिल्यांदा ऐकला असेल.

रंगुबाई पिन मुठीत धरून आत गेली आणि दार लावून घेतलं. बायका चपला शोधायला लागल्या. जाताना कुणी त्या दारापुढंसुद्धा वाकून पाया पडलं नाही.

विनोदिनी मान ताठ करून आळीतून निघाली, आणि पार्लरच्या जिन्याशी आल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नातीचा गुंता, तर मग म्हातारीचं काय? ती कललेली मान, ती एक कूस, ते सगळे मंगळवार? बायका पाया न पडता गेल्या त्या का गेल्या, हे आता तिला कळलं. तिला वाईट वाटलं. केलं ते चुकलं असं मात्र अजिबात वाटलं नाही. ही दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन ती दुसरा सगळा दिवस काम करत राहिली आणि कुणावर ओरडली नाही, तर सुरय्या घाबरून विचारायला लागली की ताई, बरं नाही का.

मयूरी साताऱ्याला गेली. गावात दोन तट पडले. काही बायकांनी जिना चढायचं बंद केलं, देवीशी खेळलेल्या हाताची भुवई नको म्हणाल्या. विनोदिनीनं त्यांची नावं घेऊन घेऊन खाली टायरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना कराडचा रस्ता दाखवला. रंगुबाईच्या सोप्यात मंगळवारी एखाद-दुसरी बाई यायची, मग तीही येईनाशी झाली, असं सुरय्या सांगायची.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी जिन्यावर पावलं वाजली, दर पायरीला थांबत. रंगुबाई आत आली, आरशापुढच्या खुर्चीकडं बघितलं आणि तीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"ओठाला लाव कायतरी," ती म्हणाली. "मिश्री सोडली म्या."

विनोदिनीनं डबी उघडली. म्हातारीचे काळे पडलेले ओठ फडक्यानं टिपले आणि मेण-तूप लावलं. मग रंगुबाईनं आपल्या हातानं पदर खाली घेतला. वेटोळं सुटलं आणि जट खुर्चीवरून खाली जमिनीपर्यंत आली.

"बोटानं बघ," ती म्हणाली.

विनोदिनीनं तेल घेतलं, जवसाचा रस घेतला. टोकाकडून बघितलं, मधून बघितलं, मुळाशी बघितलं. घोंगड्यासारखी गच्च बसलेली, बोट आत शिरायला जागा नाही. पुष्कळ वेळ ती प्रयत्न करत राहिली, कारण हात थांबवला की बोलावं लागणार होतं.

"न्हाई सुटत, आत्ती."

"म्हंजी देवीची हाय?"

विनोदिनीचा हात तिथंच राहिला. बोटानं सुटणार नाही ती देवीची, हा शब्द तिनंच दिला होता, साऱ्या आळीसमोर. आता नुसतं हो म्हणायचं होतं. म्हातारी पदर घेऊन उठली असती, मंगळवार परत आले असते, आणि पार्लरचा जिनाही पुन्हा भरला असता. आरशातून रंगुबाई तिच्याकडं बघत होती.

"न्हाई, आत्ती," विनोदिनी म्हणाली. "तुमचा बी गुंताच हाय. जुना झालाय, येवढंच."

कललेल्या मानेनं रंगुबाई आरशातल्या त्या लांब काळ्या दोराकडं बघत राहिली.

"लगीन झालं तवा माजं केस मयूरीवानी हुतं," ती म्हणाली. "सासू झिपरी म्हणायची."

विनोदिनीनं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

रंगुबाईनं कनवटीला खोचलेली ती गंजकी पिन काढली आणि आरशापुढच्या फळीवर ठेवली. मग खुर्चीत सरळ बसली, मानेला जमलं तेवढी सरळ.

"मग बघत काय उभी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "लोखंड लाव."